खिडकी पाहावी बदलून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे ज्या कोणी शहाण्याने सांगून ठेवले, त्याने राहत्या घराची खिडकी बहुधा कधी बदललेली नसावी. नवे घर बांधताना निदान त्यात कोणी राहत नसते. लग्नाला चार दिवस मांडव तरी असतो. राहत्या घरात खिडकी बदलायची म्हणजे भिंतीला भलेमोठे भगदाड, अंथरुणावर विटांचा लाल चुरा, पिठाच्या डब्यावर धूळ आणि "रात्रीसुद्धा हे असेच उघडे राहणार का गं?" हा सासूबाईंचा दर अर्ध्या तासाने येणारा प्रश्न!

आता दिवाळीच्या अंकात असले रूक्ष पुराण कशाला, असे तुम्ही म्हणाल. चकली का विरघळते आणि अनारसा का हसतो, हे सांगायचे हे दिवस! पण ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. घरातील वस्तू दुरुस्त करणारा माणूस आला, की त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून निघून जाणे मला जमत नाही. तो काय करतो आणि का करतो, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा ही खोड अगदी कारणी लागली. कारण प्रश्न खिडकीच्या शोभेचा नव्हता. चार वर्षांच्या नातीचा होता.

आमचे घर यवतमाळचे, 1968 सालचे. माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीत एक मोठी खिडकी आहे. फाल्गुनात एके सकाळी नात त्या खिडकीत चढून गजांना धरून डुलत होती. मी तिला खाली उतरवले आणि सहज गज हलवून पाहिला, तर तो खालच्या लाकडात लटलट हलत होता. स्वयंपाकघरातून पेचकस आणून त्या लाकडाला टोचला. वरचा रंग कसा गुळगुळीत, तकतकीत. आणि पेचकस मात्र लोण्यात सुरी जावी तसा दांड्यापर्यंत आत गेला. त्या दिवसापासून त्या खोलीला कुलूप लागले.

आमचे मिस्त्री म्हणजे साठी उलटलेले, घाटंजीकडचे गृहस्थ. त्यांनी खिडकी बघितली, बोटाच्या पेराने चारही लाकडे वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ताई, वरतं साजरं हाय, पण खालचं लाकूड पुरं पोकळ झालं. हा डाव्या अंगचा उभाही गेला. याले आता ठिगळ नाई चालत." सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, हे खरे. पण खोडाच्या कडेचा जो फिकट भाग असतो, त्याला ते कवच नसते. आमच्या चौकटीचे खालचे लाकूड नेमके तसल्या फिकट भागाचे निघाले. त्यातून ती भिंत पश्चिमेची. पावसाची झड समोरून यायची, खिडकीच्या बैठकीवर पाणी साचायचे, आणि ओल असली म्हणजे वाळवीला वेगळे आमंत्रण लागत नाही.

ह्यांचे मत होते, की उद्याच माणसे लावावी आणि संध्याकाळपर्यंत मोकळे व्हावे. मिस्त्रींनी मान हलवली. "आधी भिंत पाहू द्या," ते म्हणाले. ह्या एका वाक्यात निम्मे शास्त्र आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या जमिनीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आपली काळी कपाशीची माती ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यात एका जातीची चिकणमाती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या कुठे गेल्या ते कळतही नाही. शेतात ह्याचे कौतुक, कारण ओल धरून ठेवणारी हीच माती कापूस पिकवते. पण ह्याच मातीवर घर उभे असले, की पाया वर्षातून एकदा किंचित उचलला जातो आणि एकदा किंचित खचतो. भिंतीत जिथे अशक्त जागा असते तिथे ते दिसते. आणि भिंतीतली सगळ्यांत अशक्त जागा म्हणजे खिडकीचा कोपरा. म्हणून आपल्याकडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, पावसाळ्यात झडपा अडकतात आणि उन्हाळ्यात कडी कोयंड्यात बसत नाही. आपण बिचाऱ्या सुताराला नावे ठेवतो! रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब पुरून पाया करण्याची पद्धत विकसित केली. नव्याने घर बांधणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी. आपण जुन्या घरवाल्यांनी निदान भेगेवर नजर ठेवावी.

नजर ठेवायची कशी, तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायची आणि मधल्या रुंदीचे माप टिपायचे. ह्यांनी आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर दोन वर्षे अशा तारखा लिहिल्या होत्या. तेव्हा मी भिंत खराब केली म्हणून बोलले होते. आता त्याच तारखा कामी आल्या. भेग उन्हाळ्यात उघडत होती, पावसाळ्यात मिटत होती, पण टोके पुढे सरकत नव्हती. म्हणजे घर श्वास घेत होते, खचत नव्हते. टोके पुढे सरकत असती किंवा भेगेत बोट जाऊ लागले असते, तर आधी इंजिनियरला बोलावणे भाग होते. खचत्या भिंतीत नवी खिडकी बसवणे म्हणजे हलत्या दातावर सोन्याची टोपी.

दुसरी परीक्षा खिडकीच्या डोक्यावरची. चौकट ही झडपा आणि गज धरण्यासाठी असते, भिंत पेलण्यासाठी नव्हे. वरच्या विटांचा भार लिंटेलने घ्यावा आणि ती लिंटेल दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच भिंतीत टेकलेली असावी. मिस्त्रींनी वरच्या दोन्ही कोपऱ्यांतला गिलावा हलक्या हाताने खरवडला. आत काँक्रीटची लिंटेल व्यवस्थित टेकलेली दिसली, तेव्हा कुठे त्यांनी विडा तोंडात टाकला. खेड्यांतील जुन्या मातीच्या घरांत लिंटेलच्या जागी लाकडी फळी असते आणि चौकटीला लागलेली वाळवी तिलाही सोडत नाही. अशा घरात कोणी आधी चौकट काढली, तर वरची भिंत चौकटीच्याच आधाराने उभी होती हे ती अंगावर आल्यावर कळते. तेव्हा बहिणींनो, एवढे एक वाक्य लक्षात ठेवा: डोक्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय चौकटीला हात लावू द्यायचा नाही. शंका असेल तर आधी भक्कम टेकू, मग हातोडा.

मापाचे शास्त्र सोपे आहे, पण आळस नडतो. गिलावा सोडून विटेपासून विटेपर्यंत मोजायचे. रुंदी वर, मध्ये आणि खाली, तर उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. आमची रुंदी वर 92.4 सेंटिमीटर, मध्ये 91.8 आणि खाली 91.5 भरली. त्यातले सर्वांत लहान माप धरायचे आणि दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर मोकळे सोडायचे, म्हणून चौकट 89.5 सेंटिमीटर रुंदीची. तसेच उंचीचे सर्वांत लहान माप 121, म्हणून चौकट 119 सेंटिमीटरची. "भोकात चपखल बसेल अशी करा," असे गिऱ्हाईक सांगते आणि तिथेच फसते. चपखल बसलेल्या चौकटीला सरळ करायला जागाच उरत नाही, आणि भिंत जराशी हलली की ती थेट लाकूड दाबते.

मग लाकडाची पाळी. साग आमच्या जिल्ह्यालाच काय, साऱ्या पूर्व विदर्भाला नवा नाही. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग गेला तो आपल्या शेजारच्या बल्लारपूरच्या आगारातून. पण साग आहे एवढ्यावर भागत नाही, तो वाळलेला हवा. ओल्या लाकडाची चौकट वाळताना आकसते, पिळवटते आणि सांधे उघडे पडतात. आम्ही एका वखारीतून लाकूड पसंत केले. मालक शपथेवर सांगत होते, "दोन वर्षांचा वाळलेला माल आहे." शपथेपेक्षा मला माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा वाटतो. लाकडाच्या मधोमधचा एक पातळ तुकडा कापून मागितला आणि घरी वजन केले: 412 ग्रॅम. सावलीत हवेशीर ठेवून दर आठवड्याला वजन करत गेले. तिसऱ्या आठवड्यात तो 378 ग्रॅमवर स्थिरावला. म्हणजे प्रत्येक 100 ग्रॅम हवेशी वाळलेल्या लाकडामागे 9 ग्रॅम जास्तीचे पाणी आम्ही सागाच्या भावाने विकत घेणार होतो! दुसऱ्या वखारीतला तुकडा 405 ग्रॅमचा होता, तो 401 वर थांबला. तोच माल घेतला. बिलासह आणि वाहतुकीच्या परवान्यासह, कारण सागाच्या बाबतीत हे कागद जवळ असावेच लागतात.

अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकची चौकट का नाही, असे आमच्या मुलाने विचारले. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. दोन्हींना वाळवी लागत नाही, वजन कमी, रंगाचा खर्च नाही. पण सरकत्या झडपांची खिडकी निम्मीच उघडते, आणि मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की रात्री आम्हाला पूर्ण उघडी खिडकी हवी असते. शिवाय प्लास्टिक उन्हाने बरेच वाढते; दीड मीटर लांबीची पट्टी 30 अंशांच्या फरकाने दोन-तीन मिलिमीटर लांबते. म्हणून तिच्या भोवतीची फट तर अधिकच जपून ठेवावी लागते. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, पण एक गोष्ट बजावून सांगते. हल्ली फटीत पिचकारीने फुगणारा फोम भरतात. तो वारा आणि धूळ अडवतो, चौकट धरून ठेवत नाही. "फोम भरला की पक्के झाले," असे कोणी म्हणाले तर त्याला स्क्रू दाखवायला सांगा.

पक्के करण्याचे दोन मार्ग. भिंत चांगल्या टणक विटेची किंवा काँक्रीटची असेल, तर चौकटीतून आरपार भोक पाडून लांब स्क्रू विटेत घालतात. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून साधारण 15 सेंटिमीटरवर, पुढचे 60 सेंटिमीटरपेक्षा लांब नाहीत, आणि प्रत्येक स्क्रू गिलाव्याच्या पलीकडे खुद्द विटेत निदान पाच-सहा सेंटिमीटर गेलेला. गिलाव्यात घातलेला स्क्रू म्हणजे सायीत खोवलेली काडी. आमच्या भिंतीत मिस्त्रींनी आधी एक भोक पाडून पाहिले. वीट मऊ, रांगोळीसारखी भुरभुरत होती. तेव्हा त्यांनी जुना मार्ग धरला: होल्डफास्ट. लोखंडाची 40 सेंटिमीटर लांब पट्टी एका टोकाला बोल्टने चौकटीला जोडायची, दुसरे टोक फाकवून भिंतीत कोरलेल्या खणात ठेवायचे आणि तो खण एक भाग सिमेंट, तीन भाग रेती, सहा भाग खडी अशा काँक्रीटने भरायचा. आमच्या चौकटीला प्रत्येक बाजूला तीन, असे सहा होल्डफास्ट लागले. पट्टीला ओढ बसली, तरी एकट्या विटेऐवजी अख्खा ठोकळा ती सोसतो.

वैशाखातला कोरडा आठवडा बघून काम काढले. आधी झडपा, मग गज, मग चौकट. जुनी चौकट घाव घालून उखडायची नसते. उभी लाकडे मधोमध करवतीने कापायची आणि तुकडे खोलीच्या बाजूला ओढून घ्यायचे, म्हणजे भिंतीला हादरा बसत नाही. मोकळ्या झालेल्या जागेतली वाळवीची मातीची नळी खरवडून औषध मारले. नव्या चौकटीचा जो अंग भिंतीला टेकणार, त्याला डांबराचा हात दिला.

आणि मग तो अर्धा तास आला, ज्यात कोणी बोललेले मिस्त्रींना खपत नाही. चौकट जागेवर ठेवली. जिथे होल्डफास्ट, तिथेच पाचरी. आणि त्या जोडीने, एक आतून, एक बाहेरून, म्हणजे चौकट तिरकी न होता दाबली जाते. बाजूंना ओळंबा, खाली पाणसळ, मग दोन्ही कर्ण. एक कर्ण 149.2 भरला, दुसरा 148.6. ह्यांना ते ठीक वाटले. मिस्त्रींनी एक पाचर केसभर सैल केली, दुसरी केसभर ठोकली, असे चार वेळा केले. दोन्ही कर्ण 148.9 वर आले तेव्हा त्यांनी आत एक तिरपी पट्टी ठोकून चौकट तशीच जखडली. मी म्हटले, "मिस्त्री, एवढ्याशा फरकाने काय बिघडते?" ते म्हणाले, "ताई, चौकट ठोकून बसवाची नसते, तिले बसू द्याची असते. आज अर्धा सूत सोडलं तं झडप जनमभर कुरकुर करते."

वरच्या बाजूला, लिंटेलखाली, त्यांनी एकही पाचर ठोकली नाही आणि ती फट सिमेंटनेही भरली नाही. तिथे लवचीक सीलंट भरले. भिंत पावसाळ्यात खालीवर होणारच. तिला हलायला एक सेंटिमीटर दिला, तर ती चौकटीच्या वाटेला जाणार नाही. काळ्या मातीवर राहणाऱ्यांनी ही फट सिमेंटने बुजवू देऊ नये. खिडकीची बैठक बाहेरच्या बाजूला उतरती केली आणि बाहेर आलेल्या कडेच्या खाली एक बारीक खाच काढली, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच ठिपकते.

मग सात दिवस काँक्रीटवर ओले गोणपाट, खिडकीला बाहेरून फळ्या आणि ताडपत्री. ह्या सात दिवसांत झडपा लावायच्या नाहीत, गजाला टेकायचे नाही. सगळ्यांत अवघड भाग हाच. मिस्त्री फार मोठी खटपट करून जातात, आणि तिसऱ्या दिवशी घरातलाच कोणी तरी "आता वाळले असेल" म्हणून चौकटीला हात लावतो. आमच्याकडे हा अपराध घडू नये म्हणून सासूबाई स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. त्यांचा मूळचा विरोध होता. सासऱ्यांनी बसवलेली खिडकी. गौरी-गणपतीची मिरवणूक त्यांनी पन्नासांहून अधिक वर्षे तिथूनच बघितलेली. "म्हातारे झाले की सगळेच काढून टाकतात," असे त्या एकदा पुटपुटल्या होत्या. पण उजव्या अंगाचा उभा आणि वरचे आडवे लाकूड अजून खणखणीत होते. मिस्त्रींनी त्यांना रंधा मारला, तेव्हा आतून मधासारखा रंग उजळला. त्यांचे दोन पाट झाले. पाडव्याला आणि भाऊबीजेला ते पाट मांडायचे, हे सासूबाईंनी तेव्हाच ठरवून टाकले.

सातव्या दिवसानंतर झडपा लागल्या. उन्हाळ्यात बसवलेली झडप पावसाळ्यात फुगते, म्हणून भोवती दोन नाणी एकावर एक ठेवून सरकतील एवढी फट ठेवली. गजांमधले अंतर सगळीकडे 10 सेंटिमीटरच्या आत ठेवले, म्हणजे लहान मुलाचे डोके अडकणार नाही. जाळीचा एक भाग मात्र आतून कडी काढून उघडेल असा करून घेतला, कारण आग लागली तर गजांचा पिंजरा होतो. त्याची कडी उंच, मुलांच्या हाताबाहेर, आणि मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी.

शेवटची परीक्षा ह्यांनी दिली. दोन्ही हातांनी गज धरून, भिंतीला पाय लावून, सगळे वजन टाकून ओढले. चौकट जागची हलली नाही. मग खोलीचे कुलूप निघाले. पुढे मृगाची पहिली झड त्याच खिडकीवर आली. खाली बैठकीवर मी कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. सकाळी ते तसेच कोरडे होते आणि झडप एका बोटाने उघडली.

आता तुमच्याकडे. दिवाळीत निम्म्या घरांत आकाशकंदील खिडकीलाच टांगतात, आणि टांगणारा माणूस स्टुलावर चढून एका हाताने गज धरतो. तो गज कशाने धरला आहे, हे स्टूल आणण्यापूर्वी बघा. खालच्या लाकडाला पेचकस टोचा, चौकट बोटाने वाजवा, दोन्ही हातांनी एकदा जोराने ओढा. ह्याला दोन मिनिटे लागतात. करंज्यांचे सारण निवायला ह्याहून जास्त वेळ लागतो. पेचकस आत गेला नाही, तर कंदील खुशाल लावा. गेला, तर कंदील यंदा दारावर लावा, मुलांना त्या खिडकीत चढू देऊ नका, आणि भाऊबीज झाली की मिस्त्रींना निरोप धाडा.